गोदामाआडची वाऱ्याची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी, उन्हाने विटलेली वाऱ्याची पिशवी आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. राखोलीच्या एका कारखान्यात मी उंच खांबावर टांगलेली असते. वारा पोटात शिरला की मी फुगते आणि तो कुठे चाललाय ते दाखवते. पण वाराच तो! सकाळी एक बोलतो, दुपारी दुसरंच. त्याच्याबरोबर संसार केल्यावर मी संशयी होणार नाही तर काय!

नवी होते तेव्हा काय माझा रुबाब! माळी जयवंत माझ्याकडे पाहिल्याशिवाय हिरवळीचे फवारे सुरू करत नसे. त्या फवाऱ्यांत साधं पाणी नसतं. कारखान्याच्या संडास-मोऱ्यांचं सांडपाणी टाकीत शुद्ध करून तिथे सोडतात. गवताला ते चालतं, माणसाच्या पोटात जाऊ नये. म्हणून वारा भिंतीपलीकडच्या चाळीकडे असला की फवारे बंद, असा नियम होता.

मग माझ्या पुढ्यात भलंमोठं गोदाम उभं राहिलं. वारा अडला, मी नुसती लोंबू लागले. चाळीतला नारळ मात्र झुलत होता. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला रोज वाटायचं. जयवंत वर बघायचा आणि म्हणायचा, "वारा नाय आज."

यंदा चैत्रात चाळीतल्या नलिनीने कुरडया घातल्या. ती शिरपूरकडची. लेक सरिताचं लग्न होतं, रुखवतात मांडायच्या आणि पंगतीत तळायच्या होत्या. दुपारी ती बघते तर वाळलेल्या कुरडया ओलसर! आभाळात ढग नाही.

"काय वं कमळाबाई, तुम्ही पानी मारलं ना?" ती शेजारणीवर तुटून पडली.

"मी? सरिताला मी कडेवर खेळवली, आणि तिच्या रुखवतावर पाणी टाकीन?"

"मग काय आभाळातून पडलं?"

खोटं कशाला बोलू, मलाही कमळाबाईचाच संशय आला. बाई जरा तोंडाळच आहे.

दुसऱ्या दिवशी कमळाबाई चोर पकडायला काठी घेऊन स्वतःच कुरडयांपाशी बसली. इकडे फवारे सुरू झाले आणि तिच्या गालावर बारीक तुषार आले. गाल पुसत ती तरातरा गेटातून आत शिरली.

"जयवंत, माझ्या तोंडावर हे काय उडवतोस रे?"

"मावशी, पिशवी बघा ना. वाराच नाय."

"आग लागो त्या पिशवीला! तो नारळ बघ कसा वाकलाय!"

जयवंतने नारळ पाहिला, गोदाम पाहिलं, मग मला. त्याचा चेहराच उतरला. धावत जाऊन त्याने फवारे बंद केले आणि तसाच चाळीत गेला.

"ताई, त्या कुरडया कोणी खाऊ नका. आमचं सांडपाणी उडालंय त्यांच्यावर."

नलिनीने रडत रडत सगळ्या कुरडया खड्ड्यात ओतल्या. कमळाबाईकडे मान वर करून बघायची तिची हिंमत होईना. कमळाबाईनेच तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "पुरे आता. गहू भिजत घाल. सोऱ्या मी फिरवते."

आता मला गोदामाच्या छपरावर बसवलंय. मित्रांनो, आम्हाला मोकळ्या वाऱ्यात ठेवा, आमच्या आड काही बांधू नका. आणि एवढं करूनही माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. पाणी सोडण्याआधी नारळाकडे बघा, आणि भिंतीपलीकडे कुणी काय वाळत घातलंय तेही बघा.