चढावरची धाकटी चकती

मी एक जुनी दातेरी चकती आहे. सायकलच्या पॅडलपाशी साखळी ओढणाऱ्या ज्या गोल चकत्या असतात, त्यांतली सर्वांत लहान. मित्रांनो, मधला बराच काळ मी खिळ्याला लटकून काढला, आणि त्याच काळात माझ्या मालकिणीचा गुडघा गेला. ते मनातून जात नाही, म्हणून सांगते.

कारखान्यात पोलादी पत्र्यातून मला कापले, दात पाडले आणि दोन मोठ्या बहिणींशेजारी बसवले. थोरली उतारासाठी, मधली सपाटीसाठी, मी चढासाठी. माझ्यावर साखळी आली की सायकल गोगलगायीच्या चालीने जाते, पण पायांना भार जाणवत नाही. कौतुक मात्र नेहमी थोरलीचे. मी आपली बशीएवढी, कोपऱ्यात.

लेथ यंत्रावर लोखंडाचे सुटे भाग घडवणाऱ्या एका दादाने आम्हा तिघींना विकत नेले. त्याची धाकटी बहीण पुस्तके बांधायची. तिचे दुकान एका लांब चढाच्या माथ्यावर होते. तिची पाठ अधू असल्याने वाकून सायकल चालवणे तिला जमत नसे. म्हणून दादाने तिच्यासाठी तीन चाकांची आडवी सायकल बनवली. तिच्यात मागे रेलून बसायचे आणि पाय पुढे पसरून पॅडल मारायचे. साखळी पुढून निघून बैठकीखालून थेट मागच्या चाकापर्यंत जायची, साध्या सायकलीच्या तिप्पट लांब.

"खाटेला चाकं लावलीत का हो?" शेजारी चेष्टा करायचे.

"लावली की! तुम्हीही बसा, गादी आणा फक्त," ती हसून म्हणायची आणि कागदाचे गठ्ठे मागे लादून निघायची. चढ आला की साखळी माझ्यावर घ्यायची. किती सुखाचे दिवस होते ते!

मग दादाच्या डोक्यात वजन कमी करण्याचे खूळ शिरले. बहिणीला कमी ओढावे लागावे, एवढीच त्याची इच्छा होती. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याने कामाच्या टेबलावर आणला. साखळीला वाट दाखवणारी लोखंडी चाके गेली, प्लॅस्टिकची आली. साखळीचे वंगण कपड्यांना लागू नये म्हणून तिच्यावर घातलेली नळी आखूड झाली. इथवर सगळे ठीक होते. पण एके दिवशी तो स्वतः रिकामी सायकल घेऊन चढावर गेला आणि मधलीवरच झपझप वर पोहोचला. झाले! परत येऊन त्याने पाना उचलला.

"दादा, ती धाकटी चकती चढाला लागते रे मला," ती म्हणाली.

"अगं, मधलीवर सहज चढते! ही आणि हिचे नट-बोल्ट निघाले की बघ सायकल कशी पिसासारखी होते."

मला दात आहेत, पण तोंड नाही. नाहीतर तेव्हाच ओरडले असते. साध्या सायकलीवर माणूस चढावर उठून पॅडलवर अंगाचा भार टाकतो. आडव्या सायकलीवर उठता येत नाही. सारा जोर गुडघ्यांनीच लावायचा असतो. दादाचे पाय दणकट, मागे ओझे नव्हते, हे त्याच्या लक्षातच आले नाही. काट्यावर मला ठेवून तो लहान मुलासारखा खूश झाला. त्याचे ते तोंड बघून बहीण गप्प बसली.

मग त्याने मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. तिथून मला दार दिसायचे. ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा उतरताना दाराची चौकट धरायची. पुढे पुढे आत येऊन आधी गुडघा दाबत बसायची. दादाची चाहूल लागली की पाय सरळ. "कशी चालते?" तो विचारायचा. "मस्त!" ती म्हणायची. मला आतून अगदी तुटायचे.

शेवटी एकदा चढाच्या मध्यावरच गुडघ्याने दगा दिला. लोकांनी तिला उचलून आणले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, सायकल आता कायमची बंद.

"सांगितलं का नाहीस गं मला?" दादाने विचारले.

"तू एवढ्या हौसेने करत होतास रे. कसं सांगू?"

तो तसाच उठला. त्याने मला खिळ्यावरून काढले, पुसले आणि पुन्हा बसवले. घाईत नट दोनदा खाली पडला. पण गेलेला गुडघा नट आवळून परत येत नाही.

आता सकाळी ती काठी टेकत चढ चढते. दादा तिचे कागदाचे गठ्ठे आडव्या सायकलीवर घालून तिच्या शेजारून हळूहळू येतो. त्याच्या पायांना माझी गरज नाही, पण तिच्या चालीने जायचे तर साखळी माझ्यावरच घ्यावी लागते.

परवा दम खायला ती थांबली आणि हसून म्हणाली, "दादा, तुला वजनच कमी करायचं होतं ना? बघ, मीच उतरले."

दादा हसला नाही. त्याने ब्रेक धरला आणि मान खाली घातली.

मित्रांनो, कुणाचे ओझे हलके करायला निघालात, तर आधी त्यालाच विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका. आणि दुखत असेल तर तुम्हीही सांगा, समोरच्याचा चेहरा उतरला तरी चालेल. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलतो.