कोरडं झाकण

मी झाकण बोलतोय. डब्याचं किंवा पातेल्याचं नाही, एका माणसाच्या डोक्याचं. मी ज्या खोक्यातून आलो त्यावर 'हेडगार्ड' असं नाव छापलेलं होतं. बॉक्सिंग खेळणारे सरावात आणि हौशी सामन्यांत डोक्यावर चढवतात, तो मी. पण तालमीत मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. वस्ताद ओरडायचे, "झाकण घाल रे, नाहीतर उतू जाईल." पोरं हसायची. तेच नाव मला चिकटलं.

माझा जन्म एका कारखान्याच्या लांबट खोलीत झाला. बायका ओळीनं मशीनवर बसून निळं कातडं शिवत होत्या. माझ्यात स्पंज भरला, कानांसाठी भोकं पाडली, हनुवटीखाली पट्टा लावला. मला शिवणाऱ्या बाईनं शेवटचा टाका घातल्यावर मला स्वतःच्याच डोक्यावर चढवलं आणि शेजारणीला म्हणाली, "आता सासूला म्हणावं, बोल काय बोलायचं ते."

माझ्यात शिरलेलं पहिलं डोकं तिचं. मी असलो की माणसाला काही लागत नाही, अशी माझी तेव्हापासून समजूत झाली. ती चुकीची आहे हे कळायला फार वेळ लागला.

वस्तादांनी मला विकत घेतलं. त्यांची तालीम फर्निचरच्या गोदामाखाली, तळघरात होती. दोरांनी आखलेला चौकोन, छताला टांगलेली रेतीची पोती, भिंतीला ओल. सुरुवातीला मी सगळ्यांचाच होतो. कुणाच्या केसांना तेल, कुणाच्या केसांत कोंडा. मग टोळ आला आणि मी त्याचा झालो.

टोळ हे त्याचं तालमीतलं नाव. लांब पाय, लांब हात, अंगावर मांस असं नाहीच. हलक्या वजनाच्या गटात खेळायचा. चपळ इतका, की समोरचा ठोसा मारायचा तेव्हा हा तिथे नसायचाच. सामन्याआधी वस्ताद मला हातात धरून म्हणायचे, "कपाळ दे." तो डोळे मिटून मान खाली घालायचा, आईकडून भांग पाडून घेणाऱ्या मुलासारखा.

आई त्याला फारशी आठवत नव्हती. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, ताईनं. दोघंही एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. ती चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळावर, हा ओल्या कपड्यांचे गठ्ठे उचलायला. दिवसभर वाफेत राहून तिच्या हातांची कातडी लाल आणि पातळ झाली होती.

ताई एकदाच सामना बघायला आली. पहिल्याच ठोशाला उठली आणि बाहेर सायकलींपाशी जाऊन उभी राहिली. पुन्हा कधी आली नाही. पण तो घरातून निघाला की दाराशी विचारायची, "झाकण घेतलंस?"

"घेतलं गं."

"दाखव."

तो पिशवी उघडून मला दाखवायचा. परत आला की ती त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी माझ्याकडे वळायची. माझ्या आत हात घालायची. मी घामानं चिंब असायचो. मग तिचा श्वास सुटायचा. "भिजलंय. म्हणजे डोक्यावर होतं," म्हणायची आणि मला खिडकीच्या गजाला अडकवायची. तिचा हिशोब तेवढाच होता आणि बरीच वर्षं तो बरोबर ठरला.

टोळ जिंकत गेला. कपाटात पदकं आली. पण मोठ्या संघाची निवड व्हायची तेव्हा दुसऱ्याचंच नाव निघायचं. दुसऱ्यांदा तसं झालं, त्या आठवड्यात एक मॅनेजर तालमीत आला. चकचकीत बूट घालून ओल्या फरशीवर जपून चालत होता. व्यावसायिक व्हायचं का, असं त्यानं विचारलं.

तो गेल्यावर वस्ताद म्हणाले, "तिकडे तीन फेऱ्यांवर भागत नाही, लेका. आणि झाकण नाही."

"माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं."

"वस्ताद, ताईचे हात बघितलेत तुम्ही? मला तिला त्या वाफेतून बाहेर काढायचंय. पदकं दाखवून काय होतं?"

वस्तादांनी बराच वेळ मुठींना बांधायची पट्टी गुंडाळली आणि पुन्हा सोडली. "मॅनेजर काय म्हणाला झाकणाबद्दल?"

"म्हणाला, तिकीट काढून आलेल्या लोकांना चेहरा दिसायला हवा."

"हं. चेहरा." एवढंच बोलून वस्ताद उठले. पुढे मात्र ते प्रत्येक सामन्याला गेले. दोन फेऱ्यांच्या मधे याच्यासमोर पाण्याची बादली दुसऱ्या कुणी धरलेली त्यांना चालली नसती.

ताईला त्यानं सांगितलं, की तेच खेळायचं, फक्त मोठ्या हॉलमध्ये. तिनं एकच विचारलं, "झाकण असेल ना?"

"असेल की," तो म्हणाला.

खोटं तो बोलला नाही. मी असायचो, पिशवीत. कपडे बदलायच्या खोलीत बाकाखाली पडून राहायचो. भिंतीपलीकडून घंटा ऐकू यायची, लोकांचा गलका यायचा. उघड्या कपाळावर बसलेल्या ठोशाचा आवाज वेगळा असतो. तो मला तिथेच कळला.

पहिला सामना तो जिंकला. भुवईवर टाके घेऊन खोलीत आला, हसत होता. मग त्यानं मला पिशवीतून काढलं, नळाखाली धरलं आणि आतून चांगलं भिजवलं. वस्ताद म्हणाले, "हे काय रे?"

"घाण झालंय."

घरी ताईनं आत हात घातला. "भिजलंय," ती म्हणाली. "मग हे टाके कसे?"

"ठोसा कडेनं घुसला गं. झाकण होतं म्हणून एवढ्यावर निभावलं."

तेव्हापासून प्रत्येक सामन्यानंतर नळ ठरलेला. एकदा लाँड्रीसमोरच्या भिंतीवर त्याचा मोठा फोटो लागला, मुठी वर, डोकं उघडं. ताई म्हणाली, "यात झाकण कुठंय?"

"फोटोसाठी काढलं. नाहीतर तूच म्हणाली असतीस, हा कुठला निळा भोपळा."

ती हसली. त्याचं म्हणणं तिला पटलं, कारण पटावं अशी तिची फार इच्छा होती.

सरावात मी अजून त्याच्या डोक्यावर असायचो, म्हणून आधी मला कळलं. पूर्वी ठोसा यायच्या आत त्याचं डोकं सरकायचं. आता ठोसा बसल्यावर सरकायचं. वाक्याच्या मध्येच थांबायचा. एका सकाळी बूट हातात घेऊन बसला होता आणि नाडीकडे बघत राहिला. वस्ताद म्हणाले, "काय रे, मुहूर्त बघतोस काय?" तोही हसला, पण नाडी वस्तादांनीच बांधली.

इथे मला स्वतःबद्दल एक खरं सांगायला हवं. मी कातडी वाचवतो. कपाळ फाटू देत नाही, कान चिरडू देत नाही. पण कवटीच्या आत जे हलतं, ते मी धरून ठेवू शकत नाही. मी डोक्यावर असतानाही ते हलतच होतं. लोक माझी जाडी बघून निश्चिंत होतात. पोरंही, ताईही.

शेवटच्या सामन्याआधी त्याचं वजन जास्त भरत होतं. वय वाढतं तसं हलक्या गटात मावणं अवघड होतं. त्यानं पाणी पिणं सोडलं आणि घाम गाळायला प्लास्टिकचा सूट घालून लाँड्रीच्या बॉयलरशेजारी बसला. ताईला वाटलं, सर्दी झाली आहे, शेकत बसलाय. तिनं त्याला गरम पाणी आणून दिलं. ती वळल्यावर त्यानं ते मोरीत ओतलं. काट्यावर वजन बरोबर बसलं. जीभ मात्र चिंधीसारखी झाली होती.

सामना मी नेहमीप्रमाणे बाकाखालून ऐकला. शेवटच्या फेऱ्यांत घंटा फार उशिरा वाजतेय असं मला वाटत राहिलं. निकाल त्याच्या विरुद्ध गेला. आपल्या पायांनी चालत तो खोलीत आला, बाकावर बसला आणि मला मांडीवर घेतलं.

"वस्ताद, नळ कुठंय?"

"बस, बस. मी पाणी देतो." वस्तादांनी बाटली त्याच्या तोंडाला लावली.

त्यानं तोंड फिरवलं. "नळ. नळ कुठंय?" मग तो ओकला, कुशीवर कलंडला, आणि त्याच्या मांडीवरून मी फरशीवर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या जिन्यापाशी वस्तादांनी पिशवी ताईच्या हातात दिली. ऑपरेशन होऊन गेलं होतं, शुद्ध आली नव्हती. ताईनं सवयीनं पिशवी उघडली आणि माझ्यात हात घातला.

हात तिथेच थांबला.

"वस्ताद, हे कोरडं आहे."

वस्ताद खाली बघत होते. "तिकडे घालत नाहीत, पोरी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग घरी ओलं कसं यायचं?"

वस्ताद पायरीवर हळूच बसले. "नळ कुठंय, नळ कुठंय, म्हणत होता," ते म्हणाले. "मी त्याला पाणी पाजत बसलो."

ताई रडली नाही. मला छातीशी धरून ती उभी राहिली, आणि तिची ती पातळ लाल बोटं माझ्या कोरड्या स्पंजवरून फिरत राहिली, कुठेतरी एखादी तरी ओल सापडेल म्हणून.

टोळ जगला. जिंकला असता तर ताई वाफेतून बाहेर आली असती. आता ती दोन पाळ्या करते आणि शेजारीण त्याच्यावर लक्ष ठेवते. त्याला झटके येतात. कधी मोरीत, कधी जिन्यात, उभ्याउभ्या कोसळतो. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर काहीतरी जाड घालत जा. ताईनं मला खुंटीवरून काढलं. ऑपरेशनमध्ये कवटीचं हाड काढल्यापासून अर्धं डोकं आत दबलंय, त्यामुळे पट्टा आता आतल्या भोकात लागतो. ज्या डोक्याचा मी झालो होतो, ते आता मला सैल होतं.

तुम्हा वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरातून कुणी असं खेळायला निघालं, तर झाकण घेतलं का एवढंच विचारू नका. आलेल्या माणसाकडे आधी बघा, झाकणाकडे नंतर. त्याला बोलतं करा. वाक्य पुरं होतंय का ते ऐका.

रोज सकाळी ताई मला घेऊन त्याच्यासमोर बसते.

"ताई, आज सामना आहे?"

"नाही रे. आज अंघोळ आहे."

"झाकण घेतलं?"

"घेतलं. कपाळ दे."

तो डोळे मिटून मान खाली घालतो. ती पट्टा लावते, आणि मोरीच्या दारापर्यंत त्याचा दंड धरून चालते. नंतर मला काढते, तेव्हा माझ्यात हात घालते. आता मी खरोखरच भिजलेला असतो. पण "भिजलंय" असं ती म्हणत नाही. नुसती मला खिडकीच्या गजाला अडकवते आणि कामाला निघून जाते.