माझ्या पोटाखालचा सांधा

मी एक जुनी जर्मन गाडी आहे, मित्रांनो. हे वाक्य मी उभ्या जन्मात किती ठसक्यात म्हटलं असेल! आता म्हणताना अडखळते. जुनी आहे, हे खरं. जर्मन आहे, हेही खरं. घोटाळा आहे तो 'एक' म्हणण्यात. आणि हा घोटाळा माझा मलाच ठाऊक नव्हता! तो कळला भर लिलावात, चार देशांतल्या अनोळखी माणसांसमोर. तुम्हीच सांगा, अशा वेळी गाडीने तोंड लपवायचं तरी कुठे?

पण सुरुवातीपासून सांगते. माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबला, वाकवला, जोडला आणि फिकट हिरव्या रंगात न्हाऊन मी बाहेर पडले. बाहेर सोडण्याआधी एका म्हाताऱ्या कामगाराने माझी चारही दारं एकेक करून उघडली, लावली आणि कान देऊन ऐकलं. धप्प! चारही दारांचा आवाज सारखा, भरीव. तो खुशीत मान डोलवून पुढच्या गाडीकडे गेला. दारांची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

काही वर्षांनी मला एका सुईणबाईने सेकंडहँड विकत घेतलं. बाळं काही वेळकाळ बघून जन्माला येत नाहीत. बोलावणं आलं की बाई पिशवी सीटवर फेकायची, किल्ली फिरवायची आणि मला अशी पळवायची की वळणावर माझी चाकं किंचाळायची. मला तो वेग फार आवडायचा. कुणाच्या घरासमोर उभी असताना आतून बाळाचं पहिलं रडणं ऐकू आलं की वाटे, यात आपलाही हातभार आहे बरं का!

बाईचा नवरा घड्याळजी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक काट्यांशी झटायचा. माणूस गायीसारखा गरीब. त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि सगळी गल्ली त्यावरून त्याची थट्टा करायची. त्यांना एक छोटी लेक होती.

एका वर्षी बाईची बहीण आजारी पडली. बाई लेकीला घेऊन दूरगावी तिच्याकडे गेली आणि बरेच महिने तिथेच राहिली. मी अंगणात कापडाखाली. एके दिवशी कापड निघालं आणि स्टिअरिंगमागे कोण बसलं? घड्याळजी! त्याला किल्लीचं भोकच सापडेना. आम्ही कसेबसे फाटकाबाहेर पडलो. कोपऱ्यावर त्याने मला मागे घ्यायला सुरुवात केली. आणि मागून असा दणका बसला म्हणता! पुढचं मला काहीच आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मी आपल्याच अंगणात होते. अंग लख्ख, वर कापड. वाटलं, फिट आली असेल. फक्त दोन गोष्टी खटकल्या. माझी मागची दारं आता धप्प म्हणत नव्हती, ठक्क म्हणत होती. आणि डिकीला माशांचा वास येत होता. मी मासे कधी वाहिले नव्हते हो! पण घरातलं माणूसच गप्प, तर गाडीने कशाला तोंड उघडावं?

बाई परत आली आणि तेव्हापासून घड्याळजीने नवीच तऱ्हा धरली. कुठेही निघालो की लेकीला पुढे आईशेजारी बसवायचा आणि स्वतः एकटा मागे, अगदी मधोमध बसायचा. रस्त्यात खड्डा आला की मागून आवाज यायचा, "हळू!" वळण आलं, "हळू, अगं हळू!" बाई वैतागायची.

"अहो, लोक मागे बसून हवा खातात, तुम्ही मागे बसून ब्रेक मारता!"

लेक खिदळायची. घड्याळजीही हसायचा, पण पुढच्या सीटची पाठ काही पकडलेली सोडायचा नाही. घरी परतलो की बाई आत जायची आणि तो टॉर्च घेऊन माझ्या पोटाखाली सरपटायचा. शेजारी म्हणायचे, "काय हौस आहे गाडीची!" मलाही तसंच वाटे. खोटं कशाला बोलू, मी थोडी फुशारलेही होते.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, तिने स्वतःचं घर केलं. घड्याळजी एका दुपारी भिंग हातात असतानाच गेला. बाईचे गुडघे गेले, नजर अधू झाली. माझ्या सीटच्या भुशात उंदरांनी संसार थाटला. कुणी वर्षभर दार उघडलं नाही. मित्रांनो, मारापेक्षा हा विसर फार लागतो.

मग लेकीने आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. तिथे चौथा मजला, गाडी ठेवायला वीतभर जागा नाही. लेक म्हणाली, "आई, जुन्या जर्मन गाड्यांना ऑनलाइन लिलावात काय मागणी आहे! जगभरातले वेडे बोली लावतात."

बाईने माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "विक. पण एक सांगून ठेवते. कुणी तोडायला मागितली, तर द्यायची नाही. तुकडे करून विकतात मेले. ही अख्खीच्या अख्खी जायला हवी."

हे ऐकून मला भरून आलं. तोडतात? गाड्यांना तोडतात? हे मला तोवर माहीतच नव्हतं! त्या दिवसापासून माझा जीव त्या एका गोष्टीत अडकला.

लेक तयारीला लागली. असा लिलाव करणाऱ्यांचा एक नेम असतो म्हणे: गाडी जशी आहे तशी दाखवायची, मळासकट, डागासकट. लेकीला ते कुठे ठाऊक? ती मुलगी दाखवायची असल्यासारखी पेटली. साबण, ब्रश, पाण्याचा फवारा. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण साइटवर पोटाखालचे फोटोही मागितले होते. माझ्या पोटाला डांबराचा जाड लेप होता. तो तिला दिसला ओंगळ. तिने तो हौसेने खरवडून काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत.

आणि मग फोटो! वरून, खालून, आतून. अगं, काही लाजलज्जा? ज्या अंगाला सूर्य कधी दिसला नव्हता, ते तिने जगाला दाखवलं. बॉनेटवर लॅपटॉप ठेवून ती फोटोंखालच्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचायची आणि बाई खुर्ची टाकून ऐकायची. "काय देखणी गाडी!" "हा रंग आता मिळत नाही." बोली चढू लागली. ती चढली, आणखी चढली. मला तर घेरीच आली. एवढी किंमत? माझी?

तिसऱ्या दिवशी लेक वाचता वाचता थांबली. त्या साइटवर एक जण होता, प्रत्येक गाडीत गंज शोधणारा. सगळे त्याला गंजकाका म्हणायचे. त्याने लिहिलं होतं: 'मागच्या सीटखालचा फोटो मोठा करून बघा. पत्र्यावर आडवा सांधा आहे. तो कारखान्याचा नाही. ही एक गाडी नाही. दोन गाड्या अर्ध्या कापून जोडल्या आहेत.'

मित्रांनो, माझ्या अंगात पेट्रोल असतं तर ते गोठलं असतं.

"काहीतरीच!" बाई ताडकन म्हणाली. "त्याला म्हणावं, चष्मा बदल."

पण ती उठली. गोणपाट पसरलं, दुखरे गुडघे दुमडून माझ्याखाली शिरली. सांध्यावरून तिचं बोट हळूहळू फिरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आयुष्यभर टाके घातलेलं बोट ते. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"पान्ह्याला फोन लाव," ती म्हणाली.

पान्हा म्हणजे घड्याळजीचा जिवलग दोस्त, एके काळचा गॅरेजवाला. म्हातारा आला तोच मान खाली घालून.

"वहिनी, त्याने मला शपथ घातली होती."

"तो गेला, शपथ सुटली. बोल."

"तुम्ही रात्री-अपरात्री एकट्या जायचात, त्याचा जीव टांगणीला लागायचा. तुम्ही बहिणीकडे गेलात तेव्हा म्हणाला, मी गाडी शिकून घेतो. ती आली की मी चालवीन, ती मागे झोप काढेल. आणि पहिल्याच दिवशी ट्रक मागून धडकला. मागचा भाग पार चेपला. माझ्याकडे एका मासेवाल्याची गाडी पडून होती. हीच जात, हाच रंग. तिचं पुढचं गेलेलं. माझ्या पाया पडला हो तो. म्हणाला, ती यायच्या आत होती तशी करून दे. मग मी दोन्ही कापल्या आणि..."

मासेवाल्याची! ज्या डिकीला मी जन्मभर माझी डिकी म्हणत आले, ती एका मासेवाल्याची! मग मी कोण? पुढची, की मागची? माझं तर डोकंच चालेना.

बाई मात्र भडकली. "आणि त्याच गाडीतून मी पोरीला घेऊन वाऱ्यासारखी जात होते? एका शब्दाने सांगू नये? सांधा सुटला असता म्हणजे?"

"त्याच भीतीने तो मेला रोज," पान्हा म्हणाला. "चार वेळा सांगायला निघाला, चारही वेळा धीर झाला नाही. म्हणून तर परतल्यावर टॉर्च घेऊन खाली शिरायचा. मीच एकदा विचारलं, अरे, तू एकटा मागे का बसतोस? तर म्हणाला, सांधा सुटलाच तर मी मागे राहीन. त्या दोघी पुढे जातील."

मग लेकीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली.

"बाबांना गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं गं!"

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. एका भंगार-दलालाचा निरोप होता: 'लिलाव गुंडाळा. सुटे भाग मी उचलतो.' माझ्या पुढच्या-मागच्या दोन्ही अर्ध्यांचा थरकाप झाला.

लेकीने डोळे पुसले. "आई, एक करू? तो सांधा कारखान्याचाच आहे असं लिहिते. लोक विश्वास ठेवतील. गाडी अख्खी जाईल."

"नाही," बाई म्हणाली. "एकाने झाकलं, तर त्याचा जन्म वाकून बघण्यात गेला. आता पुन्हा कुणाच्या तरी लेकराला यात बसवू? लिही, जे घडलं ते."

लेकीने सगळं लिहिलं. साइटवाल्यांनी आधीच्या बोली रद्द करून लिलाव नव्याने सुरू केला. आणि माझे ते चाहते! देखणी म्हणणारे एकेक करून असे पसार झाले की नाव नको. उरला एकटा दलाल. त्याने चिल्लर बोली लावली आणि लिलावाचा वेळ संपत आला. बाईने डोळे मिटून घेतले.

शेवटच्या मिनिटाला प्रश्न आला. गंजकाकांचा! 'सांधा कधी तडकला का?'

लेकीने पान्ह्याकडे पाहिलं. तो मान हलवून म्हणाला, "कधीच नाही." तिने तसंच लिहिलं.

आणि गंजकाकांनी बोली लावली. दलालाने वर चढवली. त्या साइटवर बोली आली की वेळ थोडा वाढतो. गंजकाका, दलाल, गंजकाका, दलाल. मला वाटलं, माझा सांधा आत्ताच इथेच सुटणार! मग दलाल थांबला. वेळ संपला. बाईने डोळे उघडले.

न्यायला ट्रक आला. त्यातून उतरली एक तरणी मुलगी, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. हेच गंजकाका! आम्ही सगळे बघतच राहिलो. ती कामगार-शाळेत पत्र्याचं काम शिकवत होती.

"आजी, ही रस्त्यावर धावणार नाही," ती म्हणाली. "असा सांधा रस्त्यावर आणू नये. पण तोडणारही नाही. मुलांना दाखवीन."

बाईने मान हलवली.

गल्ली अरुंद, ट्रक तोंडाशी उभा. तिथवर मला चालवतच न्यायचं होतं. पान्ह्याने बॅटरी बदलली, थोडं पेट्रोल ओतलं. लेक स्टिअरिंगवर बसली आणि तिने शेजारचं दार उघडलं. पण बाई पुढे आलीच नाही. तिने मागचं दार उघडलं. ठक्क. ती मागे बसली, थोडी डावीकडे सरून. मधोमध घड्याळजीच्या बसण्याने पडलेला खळगा होता, तो तिने रिकामा ठेवला. जन्मात पहिल्यांदा ती मागच्या सीटवर बसली होती.

आम्ही निघालो. गल्लीच्या वळणावर तो जुना खड्डा आला.

"हळू!" बाई ओरडली. "हळू गं!"

लेकीने ब्रेक दाबला आणि आरशात पाहिलं. बाईने दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. मग तिने एक हात सोडला आणि शेजारच्या खळग्यावर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "इथून फार भीती वाटते हो."

मित्रांनो, आता मी तुमच्या शाळेच्या शेडमध्ये उभी आहे. तुमच्या बाईंनी, म्हणजे आमच्या गंजकाकांनी, माझा सांधा लाल रंगवलाय. तुम्ही खाली वाकता, त्यावर बोट फिरवता, मासेवाल्याची डिकी म्हणून हसता. हसा, मला आता राग येत नाही. यंत्राची निगा राखा, काही मोडलं तर डांबर फासू नका, सांगून टाका. एवढंच मागणं आहे. आणि कधी तुम्ही गाडी चालवत असाल आणि मागच्या सीटवरून कुणी 'हळू' म्हणालं, तर चेष्टा करू नका. गाडी बाजूला घ्या आणि त्याला पुढे आपल्या शेजारी येऊन बसायला सांगा.