वाटेवरची खूण

प्रयोगशाळेत सगळेच तिला वहिनी म्हणत. तिची नणंद, बारकी, त्याच खोलीत शिकायला आली आणि तिची हाक सगळ्यांच्या तोंडी बसली. निवृत्तीला टेकलेले विभागप्रमुखही त्यातून सुटले नाहीत.

वहिनीचं काम सांगायला सोपं. प्रकाशाचा एकेक कण सोडायचा, त्याच्यापुढे दोन वाटा ठेवायच्या आणि शेवटी त्या वाटा पुन्हा एकत्र आणायच्या. कण कुठून आला याचा माग कुठेच उरला नाही, तर ठिपके साचत साचत उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. या आठवड्यात ते पट्टेच गेले. नुसता सपाट उजेड.

तिने आरसे पुसले, टेबलाची थरथर तपासली. काही सापडेना. मग मनात शंकेची पाल चुकचुकली. दुपारी याच टेबलावर बारकी बसायची, आणि हल्ली वहिनी आत आली की संगणक मिटायची.

रात्री जेवताना तिने ही शंका नवऱ्याला सांगितली. "तुला माझी बहीण खुपतेच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्राचं झाकण उचललं. डाव्या वाटेत आरशाआड एक पातळ पारदर्शक चकती होती. तिची नव्हती.

"मीच ठेवली," बारकी म्हणाली. "त्या वाटेने जाणाऱ्या प्रकाशलहरीची थरथरायची दिशा फिरते. वाटेची खूण. माझ्या प्रबंधासाठी करून बघत होते."

"मला न सांगता?"

"पण खूण मी वाचलीच नाही, वहिनी. कण कुठून गेला ते कुणालाच कळलं नाही. मग तुमचे पट्टे कसे जातील?"

"वाचायची गरजच नसते. वाचता येईल अशी खूण राहिली, की पट्टे गेले."

बारकीला पटलेलं दिसेना. वहिनीने वाटा एकत्र येतात त्यापुढे प्रकाशाची एक गाळणी तिरकी बसवली. तिच्यातून पार होणारा प्रकाश कुठल्याही वाटेचा असो, वाटेची खूण पुसून सारखाच होऊन बाहेर पडे. निम्मा उजेड अडला, पण उरलेल्यात ठिपके साचत गेले आणि पट्टे परत आले.

बारकीचा चेहरा उतरला. "विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

ते खरं होतं. वहिनीने चकती काढून तिच्या हातावर ठेवली. "यापुढे विचारत जा. नाही म्हटलं तर भांड माझ्याशी."

बारकीने मान डोलावली.

तरी दुसऱ्या सकाळी यंत्राचा दिवा लावण्याआधी वहिनीने झाकण उचलून दोन्ही वाटा पाहिल्या. बारकी चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं आणि एक पेला वहिनीच्या टेबलावर ठेवला.