हात जोडलेले असेपर्यंत

माईकच्या तोंडावरचा काळा स्पंज एका बाजूनं कुरतडलेला होता — उंदरानं, की आजवर शाळेच्या या सभागृहात भाषण करून गेलेल्या पाहुण्यांपैकी कुणी, सांगणं कठीण — आणि देवदत्त त्या कुरतडीकडे बघत उभा होता, कारण समोर बघितलं की मुलं दिसत. पौर्णिमा, म्हणून सगळी पांढऱ्या कपड्यांत. मागच्या रांगा हॉस्टेलच्या. मंडल्याची, डिंडोरीची, घरी हिंदी-गोंडी बोलणारी पोरं. बुद्धवंदना संपली की त्यानं त्यांना एकच वाक्य सांगायचं होतं. बच्चो, हॉस्टल की बिल्डिंग अब सुरक्षित नहीं है. वाक्य साधं, सोपं, नववीच्या मुलालाही समजेल असं. खोटं होतं, एवढीच अडचण.

बिल्डिंगला काही झालं नव्हतं. लग्नाचा हंगाम तेवढा आला होता, आणि मुलांच्या जागी वराती उतरवायच्या होत्या.

सकाळी अधारतालच्या घरी बायकोनं, यामिनीनं, विचारलं, "इतके घुश्शात काहून आहात?"

"मी घुश्शात नाही."

"मग टॉवेल काहून पिळून राहिले? कोरडा आहे तो."

कोरडा होता. त्यानं तो नीट घडी करून ठेवला, आणि घडीही अशी घातली, की यामिनी म्हणाली, "चलो, टॉवेलला तर शिक्षा झाली."

राग... या शाळेत रागवायची सोयच वेगळी. रामरावांनी शाळा काढली तेव्हा — दिवसा कारखान्यात तोफगाड्या जोडायच्या आणि संध्याकाळी घमापुरात अहिंसेची शाळा बांधायची, दोन्ही त्यांना सारख्याच मन लावून जमत — तेव्हा त्यांनी एक लहानशी खोली मुद्दाम ठेवली होती: शांतिकक्ष. शिक्षकाला राग आला, की त्यानं वर्ग सोडून तिथे जाऊन बसायचं, दार उघडं ठेवून, मुलांना दिसेल असं. सगळ्यांत जास्त वेळ रामरावच बसत. आता तिथे त्यांचे चिरंजीव, सचिव भय्यासाहेब बसतात, एसी लावून. त्यामुळे राग आलेल्या माणसाला आधी बाहेरच्या बाकावर थांबावं लागतं. काल देवदत्त थांबला होता.

"सर, देखिए," भय्यासाहेब म्हणाले होते, "पोरं तुमचं ऐकतात. मी सांगितलं तर विचारतील, भिंती तर धड आहेत, बिल्डिंग काहून पडून राहिली? तुमचा आवाज असा आहे, की नोटीससुद्धा वंदना वाटते."

"बिल्डिंग पडून नाही राहिली."

"पडेल ना कधी तरी. अनित्य आहे सगळं. तुम्हीच तर सांगता पोरांना."

"मग बारातघर?"

"तेही अनित्य, सर." आणि हसले. तेच हसणं, बापाचं. फक्त बापाच्या हसण्यात दात कमी होते आणि माणूस जास्त.

देवदत्त 'अच्छा' म्हणाला होता. अच्छा! कुणाच्या तोंडून आलं ते? नोकरीच्या पहिल्या दिवशी रामराव त्याचं नाव ऐकून पोट धरून हसले होते — "देवदत्त? बुद्धावर दगड लोटणाऱ्याचं नाव, आणि आमच्या शाळेत? या, या. एक तर पाहिजेच." त्या माणसाला मी सांगू शकलो असतो, की तुमच्या घरातच... आणि सांगायला तो माणूस नाही, आणि मी 'अच्छा' म्हणतो.

घंटा झाली. त्यानं हात जोडले. सभागृहभर हात जोडले गेले.

रामरावांचा नियम होता: म्हणवून घेणाऱ्याचे हात जोडलेले असेपर्यंत वंदना चालू, तो म्हणेल ती ओळ सगळ्यांनी म्हणायची. नवीन असताना एकदा त्याला मधेच ठसका लागला, तर सगळी शाळा गंभीरपणे खोकली होती. तेव्हापासून तो गालात खडीसाखर धरून येतो.

पहिलं शील. दुसरं. तिसरं. चौथं — खोटं बोलण्यापासून दूर राहीन — त्यानं पालीत म्हटलं, आणि मुलांनी म्हटलं, आणि पहिल्या रांगेत भय्यासाहेबांनी डोळे मिटून सगळ्यांपेक्षा स्वच्छ उच्चारात म्हटलं. देवदत्तच्या दाढेखाली खडीसाखर फुटली. पाचवं कसं झालं कळलं नाही. आता ते वाक्य. बच्चो... जिभेवर साखरेचा चुरा होता आणि त्याखाली वाक्य, आणि मागच्या रांगेतली पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी अजून एक शील देणार आहे, आणि मी ते पाळायलाच लावणार आहे...

"हे मी काहून बोलू?"

घरातला आवाज. यामिनीशी बोलतो तो. माईकमधून.

आणि सगळ्या शाळेनं, जिच्यातल्या निम्म्या पोरांना मराठी येत नाही, एका सुरात, हात जोडून म्हटलं — हे मी काहून बोलू?

त्याचे हात जोडलेलेच होते.

भय्यासाहेबांचे डोळे उघडले होते. पण ओठ, लहानपणापासूनची सवय, 'बोलू'वर अजून गोल होते.

कुणी हसलं नाही. वंदनेत हसत नाहीत. हात सोडले की संपेल, त्याला कळत होतं. सोडले की चूक ठरेल, सरांची जीभ घसरली म्हणतील, आणि पुन्हा ते वाक्य येईल. छातीत कालपासून एकट्यानं धरलेलं काहीतरी आता सभागृहभर वाटलं गेलं होतं आणि तरी कमी झालं नव्हतं... उलट पहिल्यांदाच त्याला नीट उभं राहता येत होतं. मुलं पुढच्या ओळीची वाट बघत होती. पुढची ओळ मला येत नव्हती. मी हात आणखी घट्ट जोडले.