जांभळ्या दिव्यावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात कुणी अभ्यास केला नाही की कुणी जेवायला बसलं नाही. माझ्यासमोर बसायचं तर डोळ्यांवर काळा चष्मा चढवावा लागतो. कातडीच्या आजारांवर उपचार करणारा दिवा मी. सांगलीतल्या एका दवाखान्यात, लोखंडी दांड्यावर, तीन चाकांवर माझी उमेदीची वर्षं गेली.

जन्म माझा समुद्रापलीकडचा. गारगोटी वितळवून केलेली काचेची नळी आणि तिच्या पोटात थेंबभर पारा, एवढंच माझं अंग. बटण दाबलं की पाऱ्याची वाफ होते आणि जांभळट उजेड पडतो. उन्हात राबणाऱ्याची कातडी ज्या किरणांनी रापते, तेच किरण मी चार भिंतींच्या आत, घड्याळ लावून देत असे.

डॉक्टर आठल्यांनी मला मुंबईहून जुन्यातच विकत आणलं. त्यांचा कंपाउंडर हरिबा रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं माझी काच पुसायचा आणि विचारायचा, "काय रं गड्या, झोप झाली का?" त्याच्या त्या हातांचे उपकार मी विसरलो नाही.

आलेल्या प्रत्येकासाठी मला लावत नसत, बरं का. लालासाहेब नावाचे एक निवृत्त हवालदार आले होते. नाक आणि गाल लालबुंद. "डाक्टर, गाव म्हणतंय, हवालदार रोज दारू लावून येतो. मी तर चहाबी सोडला. मला त्या दिव्याखाली घ्या."

"नाही लालासाहेब. तुमचा चेहरा उन्हानंच चिडतो, हा दिवा त्याला आणखी चिडवील. रुंद टोपी घाला आणि तिखट कमी करा."

"तिखट?" हवालदारांचा चेहरा असा झाला, जणू कुणी बंदूक खाली ठेवायला सांगितली. मी मात्र त्या दिवशी शिकलो, की कुणासाठी पेटायचं नाही हेही कळावं लागतं.

चौऱ्याहत्तर साली शालू आली. माहेर साताऱ्याचं, तिथंच कॉलेज झालेलं. सासर तासगावकडच्या एका हळदीच्या गावात. पोर अकरा महिन्यांची, तिचं नाव हरणा. बाळंतपणानंतर शालूच्या डाव्या गालावर पांढरा डाग उमटला होता. कोड. सोबत सासू मनुबाई होत्या, आणि हरणा त्यांच्याच कडेवर होती.

"हे पसरत नाही ना डॉक्टर? म्हणजे, एकाचं दुसऱ्याला?" शालूनं पहिला प्रश्न हाच केला.

"मुळीच नाही. हा लागट आजार नव्हे."

"पुस्तकात मीही तसंच वाचलंय," ती म्हणाली. पण हरणानं हात पुढे केले, तेव्हा तिनं पोरीला घेतलं ते छातीपासून वीतभर दूर धरून. गालाला गाल लागू नये म्हणून मान वळवून ठेवली. पोर रडली तशी मनुबाईंनी परत घेतली. मला वाटलं, या बाईला डागाहून भीतीनंच जास्त पोखरलंय.

उपचार ठरला. दर मंगळवारी आणि शनिवारी डागावर बावचीच्या बियांचं, कातडीला उजेड धरायला लावणारं औषध लावायचं, थोडं थांबायचं आणि मग माझा उजेड. हरिबा शिंप्याच्या टेपानं माझ्यापासून गालापर्यंतचं अंतर मोजायचा. सुरुवात दहा सेकंदांनी झाली. महिना गेला, काही नाही. डॉक्टरांनी वेळ वाढवली, अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटं. तीन महिने झाले तरी डाग जसाच्या तसा.

शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "नळी म्हातारी झाली, हरिबा. उजेड दिसतो, पण जोर नाही. मुंबईला नवीन दिव्यासाठी लिहितो." शालूला त्यांनी दोन महिन्यांनी यायला सांगितलं. हरिबानं माझ्यावर गोणपाट टाकलं आणि मला कोपऱ्यात सरकवलं. मित्रांनो, म्हातारपणाचं मला दुःख नव्हतं. पण मी मनापासून जळत होतो आणि तरी त्या आईच्या उपयोगी पडलो नाही, हे मला सोसवत नव्हतं.

आठ दिवसांनी गोणपाटाखाली ओळखीचा आवाज ऐकू आला. शालू न बोलावता आली होती, मनुबाईही सोबत होत्या.

"डॉक्टर, जरा इथं बघा. कानाजवळ. तीन ठिपके आलेत, तपकिरी, अंगाच्या रंगाचे."

गोणपाटाच्या विणीतून मला दिसलं, डॉक्टरांनी भिंग घेतलं. "आलेत खरे. मग इथंच का?"

"मी आठवडाभर तेच बघतेय. इथं माझा पदर घासतो. पदरानं हळद पुसली जाते."

"कसली हळद?"

मनुबाईच म्हणाल्या, "आवं, मीच लावत्ये की. येस्टीत बायका टकामका बघत्यात. निघताना गालावर हळद चोळली, की डाग झाकतो. हितं आल्यावर पान्यानं तोंड धुती ती."

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना आणि हरिबाला ते दिसलं कसं नाही? अहो, आमच्या भागात हळदीनं पिवळे गाल इतके नेहमीचे, की कुणाला खटकलेच नाहीत. पाण्यानं हळद धुतली तरी पिवळा थर मागे राहायचा, आणि माझे किरण तिथंच अडायचे. मी पेटत होतो, पण गालापर्यंत पोचत नव्हतो.

"हळदीनं कुनाचं वाईट झालंय का कवा?" मनुबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"वाईट नाही झालं, मनुबाई. पण दिव्याच्या वाटेत तीच उभी होती. चूक माझी, मी विचारायला हवं होतं." डॉक्टरांनी गोणपाट स्वतः काढलं. "हरिबा, वेळ पुन्हा दहा सेकंदांवर आण. कोऱ्या गालावर दोन मिनिटं दिली, तर पोरगी भाजून निघेल."

"मंजी उघड्या तोंडानं गाडीत बसायचं?" मनुबाईंनी विचारलं.

"बसते मी, आत्ती," शालू म्हणाली.

हरिबानं माझी काच त्या दिवशी दोनदा पुसली. "तुझ्यावर उगाच आळ घेतला रं," असं पुटपुटला. शालूच्या नजरेनं मला भंगारातून वाचवलं. तिचे उपकार मोठे.

मग हळूहळू काम सुरू झालं. कोरा गाल, काळा चष्मा, दहा सेकंद, पंधरा, वीस. डागात तपकिरी ठिपके उमटू लागले, वाढले, एकमेकांना भिडले. वर्ष सरता सरता हनुवटीजवळ बोटाच्या पेराएवढा डाग उरला. डॉक्टर म्हणाले, "एवढा कदाचित राहील. रंग आणणं जेवढं दिव्याच्या हातात होतं, तेवढं झालं."

शालूनं आरशात पाहिलं. खाली दुडूदुडू चालणारी हरणा तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली, तशी शालूनं सवयीनं मान वळवली.

मनुबाईंनी नातीला उचललं आणि थेट सुनेच्या खांद्यावर दिलं. "लाव गाल. डाक्टर पैल्या दिवसापास्नं म्हनत्यात लागत न्हाई, मंजी लागत न्हाई. माझ्या नातीनं वरीसभर लय वाट बघितली."

शालू क्षणभर थबकली. मग तिनं उरलेल्या डागाचीच बाजू हळूच पोरीच्या गालावर टेकवली. हरणानं दोन्ही हातांनी आईचं तोंड धरलं आणि सोडलंच नाही. हरिबा खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

मित्रांनो, आता नवे दिवे आले आहेत आणि मी कपाटामागे विश्रांती घेतो. तक्रार काहीच नाही. तुमच्याकडे एवढंच मागतो. माझ्यासारख्या दिव्याची काच स्वच्छ ठेवा आणि उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहू नका. पण गालावर डाग असलेलं माणूस गाडीत शेजारी येऊन बसलं, तर मात्र त्याच्याकडे नीट बघा, जरा सरकून जागा द्या आणि गाव कुठलं म्हणून विचारा. त्या उपचाराला कुठलाच दिवा लागत नाही.