नवमीची खरखर

मित्रांनो, मानवत गावात मला सगळे 'खोका' म्हणतात. पण मी रिकामा खोका नाही हं! मी बास गिटारचा ॲम्प्लिफायर, वयाने बराच जुना. बासच्या जाड तारांचा आवाज मुळात अगदी हळू, कुणी पदरात तोंड घालून बोलावे तसा. तो वायरीतून माझ्यात येतो, मी त्याला बळ देतो, माझा कागदी पडदा थरथरतो आणि तोच आवाज ऐकणाऱ्याच्या छातीत घुमतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. पहिली आठवण परभणीच्या एका ऑर्केस्ट्राची. लोक गाणाऱ्यासाठी टाळ्या वाजवत. मला वाटे, त्यातल्या दोन-चार तरी माझ्या असतील. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. त्यात बास वाजवणाऱ्या गृहस्थांनी मला मानवतला आपल्या वहिनींकडे, केशरबाईंकडे आणून ठेवले. मग माझ्यावर कधी पापडाचे डबे, कधी गोधड्या.

केशरबाईंची पुतणी स्वरदा बास शिकली, तेव्हा माझे दिवस पालटले. ती कोरड्या फडक्याने मला पुसायची. आवाजाचे बटण शून्यावर आणून वायर जोडायची, मगच मला चालू करायची. त्यामुळे मी कधी दचकलो नाही.

यंदा खंडेनवमीच्या संध्याकाळी सोनपेठला देवीपुढे भजन होते. तिथे वाजवायची स्वरदाला फार ओढ. भजनी मंडळाचे माणिकराव मात्र भजनात बास शोभेल का, म्हणून साशंक.

त्या सकाळी केशरबाईंनी विळी, शिलाई मशीन आणि माझी पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचे फूल, मूठभर अक्षता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हात जोडले! मी सुखावलो.

दुपारी माणिकराव तालमीला आले. स्वरदाने सर्वांत जाड तार छेडली आणि माझ्यातून आवाज आला, खर्रर्र!

"हे काय गं? आत म्हैस रवंथ करायलीय का?" माणिकराव म्हणाले.

"थांबा काका, बघते."

"बघ बाई. न्हाई जमलं तर खोका हितंच. आमी पेटी-तबल्यावर भागवू."

स्वरदाचा चेहरा उतरला. तिने वायर बदलली. खर्रर्र! बारीक तार छेडली, तर आवाज स्वच्छ. तार सोडली की मी गप्प. विजेचा दोष असता, तर न वाजवताही गुणगुण आली असती. मग माझ्यात थरथरत होते तरी काय? मलाच नवल वाटू लागले!

तिने माझ्या जाळीवर तळवा ठेवून पुन्हा जाड तार छेडली. डावीकडे खरखर चालूच. उजवीकडे खाली दाबले, तशी ती थांबली.

"काकू, हितं कायतरी हाय!"

केशरबाई घाबरल्या. "आगं, सकाळी पूजा केली की मी. माझं काई चुकलं का?"

स्वरदाने प्लग काढला, स्क्रू सोडवून जाळी उचलली. जाळीच्या भोकांतून आत पडलेल्या, कुंकवाने लाल झालेल्या अक्षता पडद्याच्या कडेला अडकल्या होत्या.

माणिकराव खो-खो हसले. "वहिनी, खोक्याला जेवायला घातलं व्हय!"

"सणाचा दिवस हाय, उपाशी कसं ठेवावं?" केशरबाई पदराआडून म्हणाल्या. स्वरदाने मऊ ब्रशने एकेक दाणा काढला. केशरबाईंनी तो तळहातावर झेलून तुळशीत ठेवला.

जाळी बसली. स्वरदाने पुन्हा तीच तार छेडली. घरभर गंभीर सूर पसरला. माणिकरावांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि दाराकडे वळून हाक दिली, "जीपमधी आधी खोका ठेवा रे! पेटी मंग."

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. अक्षता तेवढ्या पुढ्यात ठेवा. आणि एखादे यंत्र गुरगुरले, तर त्याला थापट्या मारू नका, लगेच अडगळीतही टाकू नका. कधी गुरगुरते, कुठे गुरगुरते, ते शांतपणे ऐका. दुखते कुठे, हे सांगायला आमच्याजवळ दुसरी भाषा नाही.